सोडे न घातलेलं सार

रत्नागिरीच्या माणसाने समुद्रातलं काय सोडलंय? खडकावरची कालवं फोडून खाल्ली, वाळूतल्या तिसऱ्या उकरून खाल्ल्या, जवळा वाळवून डब्यात भरला. मग त्याच खडकांवर उगवणारं शेवाळ तेवढं का राहिलं? जपानमध्ये कोंबूच्या पाण्याशिवाय सूपचं पान हलत नाही. कोरियात बाळंतिणीला आणि वाढदिवसाला शेवाळाचंच सूप. आपल्याकडे मात्र वाहून आलेलं शेवाळ फार तर माडाच्या मुळाशी.

मला वाटतं, पहिली अडचण शब्दातच आहे. शेवाळ म्हटलं की विहिरीच्या पायऱ्या आणि मोडलेला हात आठवतो. तोंडाला पाणी कसं सुटणार?

दुसरी अडचण पावसाची. ज्यापासून नोरी करतात त्या पोर्फायराची एक जात आपल्या कोकणातही येते, पण पावसाळ्यात. म्हणजे नेमकी होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा! ताजी मासळी नाही, घरात टाकळा, भारंगी, फोडशी चाललेली... अशा वेळी ही फुकटची भाजी कामाला आली असती. पण आषाढातल्या लाटा ज्याने रत्नदुर्गावरून पाहिल्यात त्याला विचारा, खाली खडकावर उतरशील का म्हणून. परसामागे टाकळा उगवलेला असताना कोण जीव धोक्यात घालेल?

तिसरं कारण मला जास्त पटतं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. आता वांग्याच्या रश्शात चार सोडे पडले की काय होतं ते आठवा. तेच ते! कोळणीच्या टोपलीतच उमामी होती, खडकावर जायची गरजच पडली नाही.

राहिले मासे न खाणारे. गंमत अशी की शेवाळ मागच्या दाराने आलं ते त्यांच्याही घरात. चायना ग्रास! यात गवत अजिबात नाही; हे आगर, लाल शेवाळापासून काढलेलं, आणि वाळवून विकायची रीत जपानची. १६५८ च्या सुमारास तिथल्या एका खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली, ती गोठून वाळली, पुन्हा उकळल्यावर पुन्हा जेली झाली, अशी कथा सांगतात. पुढे १८८१ मध्ये जर्मनीत फॅनी हेसे या बाईंनी स्वयंपाकघरातलं हेच आगर नवऱ्याला जंतू वाढवायला सुचवलं. तो रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत होता आणि उन्हाळ्यात त्याचं जिलेटिन वितळत होतं. (पाककलेला शास्त्र न म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) दुसऱ्या महायुद्धात जपानी माल बंद झाला, तेव्हा भारतातही आगर काढायचे प्रयोग सुरू झाले. आपण मात्र त्याचं पुडिंग खाऊन मोकळे. आगराला स्वतःची चव नसते, म्हणूनच ते खपलं.

चवीचं शेवाळ हवं तर कोंबू. बोटभर पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवायची, मंद आचेवर ठेवायची आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायची, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. मी त्या पाण्यात शिजवून घोटलेले मूग घालते, दोन आमसुलं, जिऱ्याची फोडणी, शेवटी नारळाचं दूध. मीठ चाखूनच घालावं. जन्मभर मासे न शिवलेल्या माझ्या आईने पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "खरं सांग, सोडे नाहीत ना घातलेस?" शेजारच्या घरातून येणारा वास तिने साठ वर्षं ओळखला होता. पिशवी आणून दाखवली, तेव्हा कुठे वाटी संपली. वर म्हणाली, "असं लागतं होय ते!"

उल्वा म्हणजे खडकावरचं हिरवंगार, पातळ पानांचं शेवाळही सारात चालतं. पण ते खाडीच्या मुखापासून आणि गटारांपासून लांबचं घ्यावं आणि पाच-सहा पाण्यांतून काढावं, वाळू आणि बारीक शंख निघतात. लाटेबरोबर येणारं तपकिरी, फुग्याफुग्यांचं सरगॅसम माडालाच राहू द्या. त्याच कुळातल्या हिजिकीत आर्सेनिक सापडलं म्हणून ब्रिटनच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००४ मध्ये ती न खाण्याचा सल्ला दिला होता. आणि कोंबूत आयोडीन भरमसाट असतं, तेव्हा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आईला मी महिन्यातून एकदाच देते. ती मात्र दर एकादशीनंतर विचारते.