वर्गणी, लायसन आणि ऑटोपे: शिरूर-दौंडकडच्या करमणुकीचा हिशोब

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या बँकेच्या मेसेजपासून करतो.

मी शिरूरला राहतो, ताई दौंडला दिलेली. मागच्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हा आम्ही सहज बसून मोजलं, की दोन्ही घरांतून व्हिडिओ ॲपला किती पैसे जातात. उत्तर आलं महिन्याला ९४७ रुपये. म्हणजे वर्षाला ११,३६४! त्यातलं एक ॲप तर सात महिन्यांत कुणी उघडलंही नव्हतं. एक सिरीज बघायला घेतलं, सिरीज संपली, पैसे मात्र कापले जात राहिले.

आजी शेजारीच शेंगा फोडत होती. म्हणाली, "आमच्या यात्रेचा हिशोब पारावर वाचून दाखवायचे. तुमचा कोण वाचतं रे?"

खरं सांगू का, मला उत्तर देता आलं नाही. म्हणून म्हटलं, आपल्या भागात करमणुकीचे पैसे कसे दिले जायचे, ते जरा मागे जाऊन बघू.

आधी यात्रा. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्याच नारायणगावात तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावचे पंच तिथं जातात, फड बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरवतात. विठाबाई नारायणगावकरांचं गाव ते, त्यामुळे त्याला तमाशाची पंढरीच म्हणतात. सुपारीचे पैसे येतात वर्गणीतून. घरटी ठरलेली रक्कम, आणि कुणी किती दिले ते स्पीकरवरून पुकारायचं. खेळ एका रात्रीचा, खर्चही त्या एका रात्रीचाच. यात्रा संपली की हिशोब, विषय बंद.

त्याच यात्रांत टुरिंग टॉकीज यायच्या. ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा, मैदानात तंबू लागायचा. तिकीट काढा, बसा. नाही काढलं तर बाहेरून नुसता आवाज ऐका!

मग रेडिओ. आजच्या पोरांना पटणार नाही, पण रेडिओ ठेवायला लायसन लागायचं. १९३३ च्या कायद्यानुसार ते सक्तीचं होतं. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. घरगुती रेडिओला पुढं वर्षाला १५ रुपये पडायचे. टीव्ही आला तेव्हा त्यालाही लायसन होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ही भानगड बंद झाली. पण एक गोष्ट लक्षात घ्या, वर्षातून एकदा का होईना, माणूस स्वतःच्या पायानं पोस्टात जायचा. पैसे देतोय हे त्याला कळायचं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्याला दिसायला लागलं. आपल्याकडं उंच पाइपावर अँटेना, आणि एक जण पत्र्यावर चढून ओरडणार, "आलं का?" जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा एका टीव्हीसमोर अख्खी आळी बसायची. व्हिडिओचं तर त्याहून भारी. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी भाड्यानं आणायच्या, पैसे आळीनं काढायचे आणि पहाटेपर्यंत तिन्ही पिक्चर वसूल करायचे!

नव्वदच्या दशकात केबल आली. इथून पैसे दर महिन्याला जायला लागले. तरी केबलवाला दारात यायचा. आई त्याला सुनवायची, "आठ दिवस चित्र नव्हतं, पूर्ण पैसे कशाचे?" २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम आले. १०० चॅनेलला १३० रुपये अधिक कर, त्यावर हवे ते पैशाचे चॅनेल निवडा. तेव्हाही घरात यादी करावी लागली होती, आठवतंय?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दौंड-पुणे शटलमध्ये प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा आला. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतातले दर कमी केले, मोबाइलचा प्लॅन १९९ वरून १४९ वर आणला. रक्कम छोटी वाटते. पण अशा चार-पाच छोट्या रकमा, प्रत्येकाच्या वेगळ्या फोनवर, आणि वर ऑटोपे. आता ना पंच, ना पोस्ट, ना दारातला केबलवाला. पैसे जाताना दिसतच नाहीत, मग भांडणार कुणाशी?

एक सोय मात्र आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. तो मेसेज आपण जाहिरात समजून उडवतो. माझ्या त्या ॲपचेही मेसेज आलेले होते. मीच वाचले नाहीत.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. एका वेळी एका घरात एकच ॲप. त्यावरचं बघून झालं की बंद, मग दुसरं. पैसे भरले की त्याच दिवशी ऑटोपे बंद करायचं, भरलेली मुदत संपेपर्यंत ॲप चालतंच. रिचार्जसोबत कुठलं ॲप येतं ते आधी बघायचं. ताईच्या रिचार्जमध्ये जे होतं, त्याचेच ती वेगळे पैसे भरत होती! सगळं फोनवरच बघत असाल तर मोबाइलचा प्लॅन पुरतो. शिरूरचा पासवर्ड दौंडला द्यायचा विचार असेल तर थांबा. नेटफ्लिक्सनं जुलै २०२३ पासून भारतातही एक खातं एकाच घरापुरतं केलंय. आजीला मालिका आणि बातम्या लागतात, तिच्यासाठी डीडी फ्री डिश. डिश एकदा विकत घेतली की महिन्याचं भाडं नाही. प्रसार भारतीचं वेव्हज ॲपही आहे, त्यावर बरंच काही फुकट बघता येतं.

आता दोन्ही घरांचं मिळून महिन्याला ४०० च्या आत भागतं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बँकेचे मेसेज उघडून आजीसमोर मोठ्यानं वाचतो. मागच्या रविवारी तिनं एका रकमेवर अडवलं, "हे कशाचं?" ते गाण्याच्या ॲपचं निघालं. ते माझ्याही लक्षात नव्हतं.

तुमच्या घरी कोण वाचतं? आज जेवताना एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!