दिव्याची कांडी सायलेन्सरच्या नळीत

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चिन्ह लागते. गॅरेजमध्ये तपासणी यंत्र 'ऑक्सिजन सेन्सर : मिश्रण विरळ' अशा अर्थाचा निरोप देते. सेन्सर बदलला जातो आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. असे का व्हावे? उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जायला हवे.

१८८९ साली वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी, दोन बाजूंच्या संहतींतील फरकामुळे किती विद्युत दाब निर्माण होतो, याचे सूत्र मांडले. पुढे १८९७च्या सुमारास गॉटिंगेन येथे त्यांनी एक नवा दिवा तयार केला. त्याची कांडी झिर्कोनियम ऑक्साइडची होती व तीत थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळलेले होते. थंड असताना ती वीज वाहू देत नसे. आधी तापवली की शुभ्र प्रकाश देई. धातूच्या तारेचे दिवे आले आणि हा दिवा मागे पडला.

पण या घन पदार्थातून वीज वाहते कशी? १९४३ साली कार्ल वाग्नर यांनी त्याचा उलगडा केला. झिर्कोनियमची संयुजा ४, यिट्रियमची ३. त्यामुळे दर दोन यिट्रियम अणूंमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. पदार्थ तापला की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून सरकत जातात.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात मोटारींच्या धुरावर कडक निर्बंध आले. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा बंदोबस्त एकच उत्प्रेरक करू शकतो. मात्र १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, हे प्रमाण सांभाळावे लागते. ते कळावे म्हणून बॉश कंपनीने नर्न्स्ट यांच्या कांडीतील पदार्थाची टोपी करून धुराच्या नळीत बसवली. १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत ती प्रथम आली.

टोपीच्या आत हवा, बाहेर धूर आणि दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमचा थर. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट दाब मिळतो, ऑक्सिजन उरला असेल तर ०.१. टोपी ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय मात्र नीट काम करत नाही.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. संवेदक पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन ताडतो. त्याच्या आधीच्या नळीला चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते. एखादा स्पार्क प्लग पेटत नसेल तर न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो. दोन्ही वेळी संवेदक खरेच सांगत असतो. दोष दुसरीकडे असतो.

म्हणून जाणता मेकॅनिक संवेदकाचीच परीक्षा घेतो. गरम इंजिनात किंचित जादा इंधनवायू सोडला की व्होल्टेज झटकन वर जायला हवे. हवेची एखादी नळी सैल केली की खाली यायला हवे. दोन्ही घडले तर संवेदक निर्दोष. काहीच घडले नाही तर आधी तारा, जोड आणि हीटरचा फ्यूज पाहायचा. तेही ठीक असतील तर संवेदक बदलायचा, कारण शिसे किंवा सिलिकॉन बसून निकामी झालेला प्लॅटिनमचा थर दुरुस्त होत नाही. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले, त्यामागे उत्प्रेरकाचे असेच नुकसान हेही एक कारण होते.

२०२० साली भारत स्टेज ६ लागू झाल्यापासून नव्या स्कूटरींतही हा संवेदक असतो. नर्न्स्ट यांचे सूत्र शिकवताना विद्यार्थ्यांना विचारावे : निरोप 'विरळ' आला, तर निरोप्याला दोष देण्यापूर्वी काय काय तपासाल?