टिळकांच्या वारशाचे दावेदार : बेळगाव, १९१६ ते १९२४

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात वारले. त्यानंतर त्यांचे नाव आपल्या राजकारणामागे उभे करण्याची जी चढाओढ लागली, तिचे धागेदोरे बेळगावात स्पष्ट दिसतात. टिळकांनी आपल्या अखेरच्या मोठ्या चळवळीची स्थापना याच गावी केली. त्यांच्या वारशावरून एकमेकांपासून दूर गेलेले अनुयायी आठ वर्षांनी एका मांडवात बसले, तेही इथेच.

एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली. मंडालेहून सुटून टिळकांना दोन वर्षेही झाली नव्हती. २८ एप्रिलला होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. परिषदेला गांधीजीही हजर होते, पण तोवर ते जहाल किंवा मवाळ अशा कोणत्याच गटात नव्हते. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. कॅम्प ही १८३२ पासूनची इंग्रज लष्कराची छावणी, आणि तिला लागूनच असलेल्या गावात राज्यकारभार आपल्या हाती द्या अशी उघड मागणी होत होती. हे भाषण आणि त्यानंतर अहमदनगरला झालेली दोन भाषणे राजद्रोही ठरवून सरकारने टिळकांकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयात बॅ. जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. पुढे ज्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या, अशी किती माणसे त्या वर्षी टिळकांभोवती होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय नंतरचा वाद समजत नाही.

वादाचे मूळ टिळकांच्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत आहे. डिसेंबर १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी त्यांनी ‘प्रतियोगी सहकारिते’चे धोरण मांडले : सरकार जेवढे देईल तेवढे घ्यायचे, त्याच मापाने सहकार्य करायचे आणि उरलेल्यासाठी झगडत राहायचे. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, तो कौन्सिलच्या निवडणुका लढवण्यासाठीच. त्याआधी जानेवारीत ‘यंग इंडिया’तून गांधीजींशी त्यांचा जाहीर मतभेदही झाला होता. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा व्यवहार आहे, असे टिळकांचे म्हणणे होते. बुद्धाच्या अक्रोधाच्या उपदेशापेक्षा त्यांना गीतेतल्या श्रीकृष्णाची जशास तशी भूमिका जवळची वाटे. केळकर आणि ‘केसरी’चा गट याच पुराव्यावर उभा राहिला. १९२६ मध्ये केळकर, जयकर, मुंजे, अणे यांनी प्रतिसहकार पक्ष काढला, तेव्हा पक्षाच्या नावातच टिळकांचे धोरण होते.

दुसऱ्या बाजूला गंगाधरराव देशपांडे होते. बेळगावजवळच्या हुदलीचे हे देशपांडे टिळकांच्या अगदी आतल्या वर्तुळातले, पण टिळकांमागे ते गांधीजींकडे गेले. शि. म. परांजपे आणि कृ. प्र. खाडिलकर हेही त्याच वाटेने गेले. या मंडळींच्या दृष्टीने असहकार हा १९०५ च्या बहिष्काराचाच पुढचा टप्पा होता. लोक तुमच्यामागे आले तर मी आडवा येणार नाही, अशा आशयाचे टिळक आपल्याशी बोलले होते, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. त्याचाही या मंडळींना आधार होता. असहकाराला सुरुवात झाली ती नेमकी टिळक गेले त्या दिवशी. १९२१ मध्ये एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड जमला आणि मृत नेत्याचे नाव थेट नव्या चळवळीच्या तिजोरीवर लागले. तरीही त्याच वर्षी गांधीजींनी ‘यंग इंडिया’त स्पष्ट लिहिले की, आपण टिळकांचे अनुयायी म्हणवून घेऊ शकत नाही, आपली पद्धत त्यांची नव्हे. या साऱ्या वादात इतका प्रामाणिक शब्द दुसऱ्या कोणाचा नाही.

डाव्यांचाही दावा होता. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिनने त्याच वर्षी या संपाची नोंद घेतली आणि पुढे कम्युनिस्टांच्या लिखाणात तिचा पुनःपुन्हा आधार घेतला गेला. संप खरा आणि कामगारांचे प्रेमही खरे, पण त्यावरून टिळकांना समाजवादी ठरवता येत नाही.

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष गंगाधरराव होते. अधिवेशननगराला ‘विजयनगर’ नाव दिले होते आणि पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाते. रेल्वेच्या पलीकडच्या त्या भागाचे नाव टिळकवाडी. कौन्सिलात जाणारे स्वराज्यवादी आणि चरखा चालवणारे ‘नाफेर’वादी यांच्यातल्या कलकत्ता कराराला इथे मान्यता मिळाली. त्यामुळे काँग्रेस फुटली नाही; मात्र टिळक कोणाचे, हा प्रश्न सुटला नाही.

सीमाभागात या प्रश्नाला भाषेचाही पदर होता. टिळकांच्या १९२० च्या जाहीरनाम्यात भाषावार प्रांतरचना होती. नागपूर काँग्रेसने ती आपल्या संघटनेपुरती स्वीकारली तेव्हा बेळगाव कर्नाटक प्रांतात गेले. १९४६ मध्ये बेळगावच्याच मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली, तीही भाषेच्याच तत्त्वावर. पुढे १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. स्वतः गंगाधररावांनी आत्मचरित्र मराठीत लिहिले, पण त्यांची पदवी ‘कर्नाटकसिंह’. १९६० मध्ये ते वारले, तोवर त्यांच्याही नावावर दोन्ही भाषांच्या लोकांनी हक्क सांगायला सुरुवात केली होती.