‘शोधा आणि बदला’ : जुळणारा मजकूर ठळक दाखवण्याच्या सोयीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकावर लेखन करणाऱ्या प्रत्येकाला ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा परिचित आहे. तथापि, बदल होण्यापूर्वी जुळणारा मजकूर पडद्यावर ठळक दिसण्याची सोय आरंभापासून नव्हती. बदलाची शक्ती आधी आली. ती कोठे लागू होणार हे पाहण्याची दृष्टी मागाहून आली. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

कागदावरील संपादन :
नमुन्यावरून शोध घेण्याचे मूळ गणितात आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मज्जापेशींच्या जाळ्यांचा विचार करताना यामागील संकल्पना मांडली. केन थॉम्पसन यांनी तिचा उपयोग मजकुरातील शोधासाठी केला आणि १९६८ मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीसाठी ‘एड’ हा संपादक लिहिला. त्या काळी उत्तर टेलिटाइप यंत्राच्या कागदावर उमटत असे. छापलेले अक्षर पुन्हा उजळून दाखवणे शक्यच नव्हते. आज्ञा दिली की बदल होई. बदललेली ओळ छापून पाहणे तेवढे हाती राही.

खुणेपासून रंगापर्यंत :
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘ईएक्स’ व ‘व्हीआय’ हे संपादक विकसित केले. ‘ईएक्स’मध्ये खात्री करून बदल करण्याची सोय होती. संबंधित ओळ छापली जाई, जुळणाऱ्या अक्षरांखाली टोकदार खुणा उमटत आणि होकार मिळाल्यावरच बदल होई. या खुणांना आजच्या रंगीत पट्ट्याचे पूर्वरूप म्हणता येईल. १९७६ मध्ये उदयास आलेल्या ‘इमॅक्स’च्या २००१ मधील आवृत्तीत, शोध चालू असतानाच पडद्यावरील इतर जुळण्याही उजळू लागल्या. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसारित केलेल्या ‘व्हिम’मध्येही सर्व जुळण्या रंगवण्याचा पर्याय पुढे आला. त्यापासून निघालेल्या ‘नीओव्हिम’ने २०१७ मध्ये आज्ञा टंकित होत असतानाच बदलाचे फलित दाखवण्यास आरंभ केला. २०१८ मध्ये ‘व्हिम’मध्येही बदलाची आज्ञा लिहितानाच जुळण्या ठळक होऊ लागल्या.

देवनागरीच्या संदर्भात :
ही सोय केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुरती महत्त्वाची नाही. एखाद्या मराठी हस्तलिखितात ‘राम’ शोधून सर्वत्र ‘लक्ष्मण’ घातल्यास ‘आराम’चा ‘आलक्ष्मण’ होईल आणि ‘विश्राम’चा ‘विश्लक्ष्मण’. युनिकोडमध्ये ‘श्र’ हे जोडाक्षर श, हलन्त व र अशा तीन घटकांत साठवले जाते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा ‘राम’ यंत्राला ‘विश्राम’मध्ये सापडतो. ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’ असे बंधन घातल्यास हा दोष टळतो. परंतु मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने ‘रामाने’, ‘रामाला’ ही रूपे सुटून जातात. अशा वेळी प्रत्येक जुळणी ठळक पाहून निर्णय घेणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो.

समारोप :
सुमारे अर्धशतकाच्या या वाटचालीत नमुना जुळवण्याचे काम यंत्राकडेच राहिले. बदलली ती माणसाची जागा. केलेल्या चुका मागाहून शोधणारा संपादक आता बदलापूर्वीच होकार वा नकार देऊ शकतो. पाठाच्या शुद्धतेची जबाबदारी त्याच्याकडेच असल्याने, हा बदल केवळ सोयीचा नसून संपादनाच्या शिस्तीचा आहे.