‘कोरणे’ हा शब्द आणि ॲनोडाइज्ड ॲल्युमिनिअमवरील लेसर-लेखनातील दोष

सिंधुदुर्ग जिल्ह्यात धातूवरील लेखनाची परंपरा फार जुनी आहे. दोडामार्गचा परिसर पूर्वी ज्या सावंतवाडी संस्थानात मोडत असे, त्याच संस्थानातील नेरूर येथे बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट मिळाले. त्यांपैकी एक चंद्रादित्याची राणी विजयभट्टारिका हिचा, म्हणजे सातव्या शतकाच्या मध्याचा आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडील खारेपाटण येथे शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट सापडला, आणि तो प्रथम अभ्यासकांपुढे आणला तो याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. अशा लेखांच्या बाबतीत ‘कोरणे’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. कारागिराने छिन्नीने तांबे उकरले. खाच जितकी खोल तितके अक्षर टिकाऊ ठरले. आज नामपट्ट्या आणि यंत्रांवरील सूचनाफलक ॲनोडाइज्ड ॲल्युमिनिअमवर लेसरने तयार होतात, आणि त्या कामासही ‘कोरणे’ असेच म्हटले जाते. हा शब्द येथे लागू पडतो काय, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नव्हे. कामात दोष उद्भवला की त्याचे निदान पुष्कळदा या शब्दाच्या आधारेच केले जाते, आणि तेथेच ते चुकते.

ताम्रपटात चूक झाली असता ती सुधारण्याची रीत ठरलेली होती. चुकलेले अक्षर ठोकून सपाट करीत व त्याच जागी नवे कोरीत; गळलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात अथवा ओळीखाली घालीत. संपूर्ण जुना लेख ठोकून पत्रा पुन्हा वापरल्याचीही उदाहरणे आहेत. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या दानपत्रांत तर, अक्षर उणे असो वा अधिक, ते सर्व प्रमाण मानावे, अशा आशयाचे कलमच अखेरीस येते. जमिनीचा हक्क एखाद्या अक्षरावर अडू नये, ही काळजी त्यामागे उघड दिसते. (भाषेच्या अभ्यासकाला मात्र या चुकाच अधिक मोलाच्या, श आणि स यांची अदलाबदल हा बहुधा छिन्नीचा नव्हे, उच्चाराचा पुरावा असतो.) ही दुरुस्ती शक्य होती, कारण तांबे वरपासून खालपर्यंत एकच होते.

ॲनोडाइज्ड ॲल्युमिनिअम असे एकजिनसी नसते. ही प्रक्रिया मुळात सजावटीसाठी निघालीच नाही. इंग्लंडमध्ये १९२३ साली बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लाच्या द्रावणात विद्युत्प्रवाह सोडून ड्युरॅल्युमिनवर ऑक्साइडचा थर वाढविला, तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून वाचावेत म्हणून. पुढे १९२७ साली गॉवर व ओब्रायन यांनी गंधकाम्लाची पद्धत पुढे आणली आणि तीच सर्वत्र रूढ झाली. या थराची जाडी शोभेच्या वस्तूंवर सामान्यतः ५ ते २५ मायक्रॉन असते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थराला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग मुरवतात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून त्यांची तोंडे मिटवतात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरील लाखेचा रंग पृष्ठावर बसतो. हा रंग थराच्या आत असतो.

अशा थरावर लिहिणारे साधन ज्याच्यामुळे मिळाले तो संशोधक महाराष्ट्रात जन्मला. मेमनने १९६० साली पहिला लेसर चालविला तो माणकाच्या कांडीचा. त्यानंतर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या शासकीय महाविद्यालयाची. या लेसरच्या किरणांची तरंगलांबी सुमारे १०·६ मायक्रॉन. उघडे ॲल्युमिनिअम हे किरण जवळजवळ संपूर्ण परावर्तित करते. ऑक्साइडचा थर मात्र ते शोषून घेतो. उष्णतेने आतील रंगद्रव्याचे विघटन होते, थराला बारीक तडे जातात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि ती जागा पांढरट दिसते. म्हणजे येथे धातू उकरला जात नाही. रंग उडविला जातो. यथार्थ शब्द ‘विरंजन’ हा होय.

आता दोषांकडे वळावे. अक्षर फिके उमटले की यंत्र चालविणारा मनुष्य लेसरची शक्ती वाढवतो, कारण ‘कोरणे’ या शब्दात खोलीची कल्पना गृहीत आहे. शक्ती कधी कधी खरोखरच अपुरी असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु गरजेपेक्षा अधिक उष्णता मिळाली तर थर फुटतो, कडा खरबरीत होतात आणि पांढऱ्याऐवजी करडा किंवा पिवळसर डाग पडतो. खरे कारण पुष्कळदा अन्यत्र असते. पट्टीच्या एका बाजूची अक्षरे स्वच्छ व दुसऱ्या बाजूची अंधुक असतील तर पत्रा वाकलेला अथवा मंच तिरपा आहे, आणि फोकस सर्वत्र सारखा पडत नाही, असे समजावे. भरीव अक्षरांत आडव्या रेघा दिसल्यास दोन ओळींतील अंतर किरणाच्या ठिपक्यापेक्षा अधिक असते. अक्षरांच्या उभ्या कडा दुहेरी उमटत असल्यास जाताना व येताना होणारे लेखन एकमेकांशी जुळत नाही. यंत्राचा पट्टा सैल झाला आहे काय, हे आधी पाहावे. सगळेच काम हळूहळू फिके होत गेले असेल तर भिंगावर धूर साचलेला असण्याचा संभव मोठा.

याहून फसवे दोष मालातच असतात. बिनरंगी थरावर उडविण्यास रंगच नसतो, म्हणून पुरेसा विरोधाभास मिळत नाही. कथिलासारख्या धातूचे कण विद्युत्प्रवाहाने छिद्रांच्या तळाशी बसवून आणलेला काळा किंवा काशाच्या छटेचा रंग सेंद्रिय रंगाप्रमाणे विघटन पावत नाही. तेथे शक्ती कितीही वाढविली तरी अक्षर शुभ्र होत नाही. तांबे अथवा सिलिकॉन अधिक असलेल्या मिश्रधातूवर थर मुळातच मळकट येतो आणि अक्षरही तसेच दिसते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या पट्ट्यांपैकी एक उत्तम उमटते व दुसरी उमटत नाही, याचा उलगडा यंत्रात शोधून होणे नाही. म्हणून नव्या मालाच्या एका तुकड्यावर शक्ती आणि वेग पायरीपायरीने बदलीत चौकोनांचे कोष्टक काढून पाहण्याची रीत पडली आहे.

कारण झालेली चूक येथे ठोकून सपाट करता येत नाही. उडालेला रंग त्या जागी परत मुरत नाही, आणि काकपदाला समासात स्थान नाही. उरतो तो एकच मार्ग : कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात संपूर्ण थर काढून टाकणे व पट्टीचे ॲनोडायझिंग नव्याने करणे. त्यात थोडा धातूही झिजतो, भोकांची व आट्यांची मापे बदलतात आणि पहिल्या रंगाची छटा जुळेलच असे नाही.