दिवाळीचा किल्ला आणि कोल्हापूरचे मावळे

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला बांधणे हा महाराष्ट्रातील मुलांचा जुना खेळ आहे. कोल्हापुरात त्याला वेगळाच जोर होता, कारण इथल्या मुलांना खरा किल्ला केवळ चित्रात पाहावा लागत नव्हता. पन्हाळा शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर. शाळेची सहल हमखास तिथेच जायची. सिद्दी जौहरचा वेढा, 1660 च्या जुलैमधली पावसाची रात्र, विशाळगडाची वाट आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेली झुंज हे सारे चौथीच्या इतिहासात वाचलेले असायचे आणि त्यातल्या वाटा जवळच्या असायच्या. त्यामुळे तीन दरवाजा कसा आहे, अंबरखान्याच्या कमानी कशा आहेत, यावरून पेठापेठांत वाद रंगत आणि ते किल्ल्याच्या चिखलातच सोडवले जात.

सहामाही परीक्षा संपली की कामाला सुरुवात होई. आधी दगड-विटांचा ढीग रचून डोंगराचा आकार ठरवायचा, त्यावर भिजवलेली गोणपाटे अंथरायची आणि वरून चाळलेल्या मातीचा चिखल थापायचा. गोणपाट हा या बांधकामाचा खरा आधार असतो: तो ओल धरून ठेवतो आणि चिखल घसरू देत नाही. चिखल पातळ झाला तर बुरूज ढासळतो, घट्ट राहिला तर दुसऱ्या दिवशी तटाला तडे जातात. हे प्रमाण कोणत्याही पुस्तकात नव्हते. थोरल्या भावंडांच्या हाताखाली चिखल कालवता कालवता ते धाकट्यांना कळत गेले. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडले की वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा होई. तळ्यासाठी काचेचा तुकडा किंवा पाण्याची थाळी, रस्त्यांना रांगोळी, कारंज्याला दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी. बादली उंचावर ठेवली की तिच्यातले पाणी नळीच्या टोकातून वर उसळते, हा पदार्थविज्ञानाचा धडा अनेकांनी किल्ल्यावरच आधी गिरवला.

किल्ला मुलांचा, पण त्यावरची वस्ती कुंभारांची. शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी, बापट कॅम्प या भागांतील कुंभारांचे वर्ष सणांनी बांधलेले असते. आषाढात बेंदराचे मातीचे बैल, श्रावणात नागोबा, मग गणपती आणि गौरी. दिवाळीला पणत्या आणि त्यांच्या शेजारीच मावळ्यांची रांग. मावळा दोन भागांच्या साच्यात घडतो. पुढच्या आणि मागच्या अर्ध्या भागात माती दाबून बसवतात, दोन्ही भाग ओल्या मातीने जोडतात, सांधा बोटाने पुसतात, सावलीत वाळवतात, भाजतात आणि मग रंगवतात. सिंहासनावरचे महाराज सर्वांत मोठे आणि सर्वांत महाग. त्यांच्याभोवती भालदार, घोडेस्वार, तोफा. पायथ्याच्या गावात गवळण, भाजीवाली, वासुदेव, बैलगाडी. गुहेच्या तोंडाशी वाघ हवाच. घोडेस्वार दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाची तक्रार नसे. महाराज मोठेच दिसले पाहिजेत, ही समजूत साचा घडवणाऱ्याची होती आणि किल्ला बांधणाऱ्याचीही. तुळशीच्या लग्नानंतर मावळे कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले जात. भाला मोडलेल्या शिपायाला पुढच्या वर्षी तटाच्या आड जागा मिळे.

या खेळामागे शहराची कलापरंपराही होती. इतिहासातील देखावा हाताने उभा करण्याची विद्या कोल्हापूरने चित्रपटांतही वापरली. चित्रकार आणि शिल्पकार असलेल्या बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ काढला; 1929 मध्ये इथेच स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने 1930 मध्ये ‘उदयकाल’ आणला, त्यात शिवाजी महाराजांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पुढे 1952 मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ आला. पडदे रंगवणारे, मुखवटे ओतणारे, मूर्ती घडवणारे हात ज्या शहरात राहत होते, तिथल्या गल्लीत किल्ल्याचा बुरूज नीट गोल का नाही, हे सांगणारा जाणता माणूस सहज भेटे.

मग अंगणे गेली. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली, परसातली माती फरशीखाली गेली. मातीच्या मावळ्यांशेजारी प्लास्टरचे मावळे आले, पाठोपाठ रंगवलेले तयार किल्लेही दुकानांत मांडले जाऊ लागले. तयार किल्ल्याने हौस भागते, पण चिखलाचे प्रमाण, पेरणीची वेळ आणि चौघांनी मिळून तट उचलण्याची सवय त्यातून येत नाही. हे नुकसान खरे आहे आणि ते लहान समजू नये. मंडळांच्या किल्ला स्पर्धांनी ही कला बऱ्याच अंशी धरून ठेवली.

अलीकडे लहानपणीच्या या किल्ल्यांची ओढ मोठ्यांना पुन्हा लागली आहे. अल्बममधले जुने फोटो स्कॅन होऊन मोबाइलवरून फिरतात. कोणत्या वर्षी राजगड केला होता, मागे कोणाचे घर दिसते, हे ओळखले जाते. 2020 च्या दिवाळीत साथीमुळे मुले घरीच होती, तेव्हा फोटो आणि व्हिडिओ मागवून किल्ला स्पर्धा घेतल्या गेल्या, आणि परगावी गेलेल्या अनेकांनी आपल्या मुलांसोबत गॅलरीत परातीएवढा का होईना, किल्ला बांधला.

बांधणीही बदलली आहे. पूर्वी सहलीच्या आठवणीवर तट वळवला जाई. आता उपग्रह नकाशे आणि ड्रोनची चित्रे पाहून माचीचे वळण मोजतात. 1844 मध्ये इंग्रजांनी पाडलेला पन्हाळ्याचा चार दरवाजाही अशा किल्ल्यावर मातीत पुन्हा उभा करता येतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतील जिंजी. पन्हाळा त्या यादीत आहे. रायगड, राजगड, प्रतापगड आणि सिंधुदुर्ग हे मुलांचे ठरलेले किल्लेही आहेत.