चिंचोके, वकट-लेंड आणि मे महिना : बिनपैशाच्या खेळांचा इतिहास

मे महिना लागला, शाळा बंद झाल्या, आणि घराघरातनं एकच तक्रार ऐकू यायला लागली: "मी काय करू? बोअर होतंय." यावर सध्या दोनच उत्तरं चालतात. खिशात पैसे असतील तर समर कॅम्प, नसतील तर मोबाईल. आजच्या भागात आपण तिसरं उत्तर शोधणार आहोत, आणि ते शोधायला मागे जाणार आहोत.

"आमच्या लहानपणी काय मजा होती" छापाचा हा भाग नाही, हे आधीच सांगतो. मला एक साधा प्रश्न पडलाय. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, सागरगोटे हे सगळे फुकटचे खेळ. मग फुकटची गोष्ट बंद कशी पडते? महाग झाली म्हणून बंद पडली, असं तर म्हणता येत नाही. म्हणजे या खेळांना पैशाशिवाय दुसरं काहीतरी लागत असणार. ते काय होतं, ते आज बघू.

त्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. सांगली जिल्ह्यातलं कडेगाव. तालुक्याचं ठिकाण, पण भाग पावसाच्या सावलीतला. गावात रेल्वे नाही, गाडी पकडायची तर ताकारी किंवा किर्लोस्करवाडी गाठायची. याच तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला, तोही आजोळी. आजोळ ही तर आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त सुट्टीची योजना. पोराला एसटीत बसवायचं, पाच ते बारा वर्षांचं असेल तर अर्धं तिकीट, आणि पुढचा महिना मामा-मामी बघून घेतात.

सुट्टी नव्हती, तेव्हाही खेळ होते

आधी पुरावा बघू. हे खेळ किती जुने? तुकोबांच्या गाथेत हुतूतू, विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, फुगडी, हमामा या खेळांवर रचलेले अभंग आहेत. म्हणजे सतराव्या शतकातले. त्यात खेळाची भाषा वापरून परमार्थ सांगितलाय. आता विचार करा, असं रूपक कधी पोहोचतं? ऐकणाऱ्याला खेळाचे नियम आधीच पाठ असतील तेव्हाच. आज आपण "विकेट पडली" म्हणतो आणि सगळ्यांना कळतं, तसंच हे.

आणि त्या अभंगांत खेळतंय कोण? कृष्ण आणि त्याचे सवंगडी. गाई राखणारी पोरं. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. गुराख्याच्या पोराला सुट्टी नसते. सुट्टी ही शाळेबरोबर आलेली गोष्ट. त्याआधी खेळ कामाच्या फटीत बसवलेला असायचा: गुरं चरतायत तोवर एक डाव. म्हणून साहित्यही असं, की जे रानातच मिळेल आणि गुरं पांगली तर टाकून पळता येईल. सूरपारंब्याला काय लागतं? एक झाड आणि एक काठी. बस.

मुलींचं चित्र मात्र वेगळं होतं. पाणी, लहान भावंडं, स्वयंपाक यातनं वेळ उरला तर त्यांचा खेळ. म्हणून त्यांचे बरेच खेळ बसून खेळायचे, घराजवळचे आणि हाक आली की लगेच उठता येईल असे. सागरगोटे घ्या. पाच बिया, ओसरीचा एक कोपरा, आणि मांडीवरचं भावंड झोपलेलं असलं तरी चालतं. भातुकलीत तर कामाचाच खेळ केलेला. म्हणजे जुना काळ सगळ्यांसाठी सारखा मोकळा होता, असं समजू नका.

वकट, लेंड, मूंड, नाल

आता विटीदांडूकडे येऊ. यात मला सगळ्यात जास्त मजा वाटली. विटी लांब गेली की दांडूनं अंतर मोजायचं. पण एक, दोन, तीन असं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल... पुढचे शब्द गावागणिक बदलतात. हे शब्द आले कुठून? तेलुगूत आकडे मोजून बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कानाला लगेच लागतं. गंमत म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याला खेटून कानडी मुलूख आहे, पण कानडीत एकला ओंदु आणि दोनला एरडु म्हणतात. 'वकट' त्यापेक्षा 'ओकटि'ला जवळचा. म्हणजे शेजारच्या भाषेला ओलांडून हे आकडे आपल्या पोरांच्या तोंडी बसलेत, आणि अर्थ माहीत नसताना पिढ्यान् पिढ्या टिकलेत.

बरं, हे नुसते आकडे नाहीत. मोजणी ज्या शब्दावर थांबते, त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं: विटी पायावर ठेवून, मुठीवर ठेवून, डोळ्यावर ठेवून. शब्द संपले की पुन्हा वकटपासून. ज्यांनी कोडिंग केलंय त्यांना कळलं असेल, हा भागाकारातल्या बाकीचा हिशेब आहे. शाळेत भागाकार शिकायच्या आधी पोरं बाकी काढत होती, ती पण भर उन्हात आणि भांडत भांडत.

हे सगळं कुठं लिहून ठेवलं होतं? कुठंच नाही. मोठी पोरं मधल्यांना सांगायची, मधली लहानांना. दहा-बारा वर्षांचा पोरगा हा त्या खेळाचा मास्तर, पंच आणि पुस्तक, तिन्ही. फुकटच्या खेळाला लागणारी पहिली गोष्ट ही: वेगवेगळ्या वयाची पोरं एका जागी असणं.

चिंचोके येतात कुठनं?

दुसरी गोष्ट, साहित्य. तेही ऋतूप्रमाणे यायचं. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चिंच फोडायचं काम चालतं. त्यातून निघतात चिंचोके. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळपट, एक पांढरी. झाला फासा! असे चार अर्धे चिंचोके टाकायचे. जितके पांढरे पडतील तितकी घरं, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. खडूनं फरशीवर पट आखायचा. याला कुणी अष्टाचंगा म्हणतं, कुणी चल्लस आठ. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि जुन्या देवळांत दगडी फरशीवर असे खेळांचे पट कोरलेले सापडतात. कधी देवळात गेलात तर नजर जरा खालीही टाका.

आंब्याची कोय, फुटक्या कौलांच्या खापऱ्या, जुन्या कापडाचा चेंडू, सगळं असंच. आई-आजीच्या उन्हाळी कामातनं जे उरायचं, ते पोरांचं खेळणं व्हायचं. आणि बदल्यात पोरांनी गच्चीवरच्या कुरडया-पापडांवरचे कावळे हाकलायचे!

नियम छापले गेले

आता गोष्ट वळण घेते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या लोकांनी या खेळांकडे वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली. क्रिकेट साहेबांचं, मग आपलं काय? १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं हुतूतूची नियमावली छापली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच सुमाराला बडोद्यातून आबासाहेब मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश खंडाखंडानं निघायला लागला होता.

याचा फायदा उघड आहे. नियम एक झाले म्हणून कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. गल्लीतला खेळ तिथवर गेला तो नियम छापले म्हणूनच.

पण काही गोष्टी मागे पडल्या. हुतूतूचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक जिवंत व्हायचा. आणि अमरमध्ये कुणीच बाहेर जायचं नाही, फक्त गुण मोजायचे. स्पर्धेसाठी संजीवनी पुढे आली, आणि ते बरोबरही होतं. पण लहान पोरांसाठी विचार करा, कुठला चांगला? अमर! सहा वर्षांच्या पोराला पहिल्याच मिनिटात बाहेर बसवलं तर तो काय करणार? रडणार, नाहीतर आईचा फोन मागणार. गल्लीतल्या नियमांत लहानांसाठी जागा होती. लिंबू-टिंबू हा शब्द उगाच नाही आला.

पाणी आलं, रान गेलं

तिसरी गोष्ट, जागा. परत कडेगावला येऊ. पूर्वी शाळू निघाला की जूनच्या पावसापर्यंत रान मोकळं. खळं मोकळं. मे महिन्यात गावाभोवतीची जमीन म्हणजे एक मोठं मैदानच. मग ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलं. ऊस आला, वांगीला सोनहिरा कारखाना उभा राहिला. ज्यांनी दुष्काळ बघितलाय त्यांना विचारा या पाण्याची किंमत. ते यायलाच हवं होतं. पण ऊस वर्षभर उभा असतो. जे रान मे महिन्यात पोरांचं होतं, ते आता मे महिन्यातही हिरवं असतं. यात दोष कुणाचाच नाही, पण पोरांची जागा गेली ती गेली, आणि तिची नोंद कुठल्या योजनेच्या कागदात झाली नाही.

कडेगावची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथले मोहरमचे गगनचुंबी ताबूत. बांबूचा सांगाडा, वर रंगीत कागद, हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचा सहभाग, काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे. बांधणी आधी कळस, मग पाया अशी. मोहरम हा शोकाचा काळ, तो काही करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. पण हे बांधकाम चालू असताना बघत बसणं, हे पोरांसाठी फुकटचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे.

आता जरा कॅलेंडर बघा. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून मोहरम दर तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. १९९६ ते १९९८ या तीन वर्षी मोहरमचा दहावा दिवस मे महिन्यात आला होता. हिशेबानं २०२९ आणि २०३० मध्येही तो मे महिन्यात येईल. म्हणजे शाळेच्या सुट्टीत. आत्ताच लक्षात ठेवा.

कचऱ्यातली खेळणी

"पैसे नाहीत म्हणून हे खेळ" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दोन नावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालवाडी चालवली. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे वापरून तेच शिक्षण दिलं. दुसरं नाव अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यातून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायला लागले. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ इंटरनेटवर मोफत आहेत, मराठीतही. मोबाईल हातात आहेच, तर निदान हे उघडा.

मग या मे महिन्यात काय करायचं?

साहित्य ही अडचण कधीच नव्हती. मोठी-लहान पोरं एकत्र, थोडी जागा, आणि नियम माहीत असलेलं एक माणूस, या तीन गोष्टी लागत होत्या. त्या जमवायच्या. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, दुपारी चिंचोक्यांचा पट. पार्किंगमध्ये लगोरी. हुतूतू खेळायचा तर अमर. पोरं वेगवेगळ्या वयाची आहेत म्हणून गट पाडू नका, मोठ्यांना मास्तर करा. भांडण झालं तर दहा मिनिटं मध्ये पडू नका, नियम भांडणातनंच तयार होतात.

आणि एक काम फक्त तुमच्यासारख्या फोनवाल्यांनीच करायचंय. छापले गेले ते मोजके खेळ. बाकी तुमच्या गावातली वकट-लेंडची पुढची ओळ, पटावरचे घरांचे नियम, सागरगोट्यांच्या डावांची नावं, हे आज फक्त साठी-सत्तरीच्या माणसांच्या डोक्यात आहे. ते गेले की ते गेलं, बॅकअप नाही. म्हणून आजी-आजोबांसमोर बसा, रेकॉर्डर चालू करा, आणि एकच प्रश्न विचारा: "नालच्या पुढं काय?" पोराला शेजारी बसवा. रेकॉर्डिंग संपेल तेव्हा बघा, आजी उठून दांडू शोधायला लागली असेल.

तुमच्या गावचे शब्द आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर राम राम, मंडळी!